तळे आणि तळ्याचा काठ

तळे बांधणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. कोणा राजाने, कोणा सावकाराने, कोणा पुण्यशील बाईने तळे बांधले, याची आठवण गाव पिढ्यान्‌पिढ्या जपते. तळ्याच्या काठाचा इतिहास मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. काठावर पहिली पायरी कोणी घातली, पायवाटेचा रस्ता केव्हा झाला, रस्त्याच्या कडेला घर केव्हा उभे राहिले, आणि घरासमोरचा जमिनीचा पट्टा 'आमचा' केव्हा झाला, या गोष्टी हळूहळू घडतात आणि म्हणून नजरेतून सुटतात. वास्तविक तळ्याचे पाणी कोणाचे, हा प्रश्न पाण्यात उभे राहून सुटत नाही. तो काठावर सुटतो. ज्याच्या हाती काठ, त्याच्या हाती पाणी. आजच्या विवेचनात आम्हाला एवढीच गोष्ट दाखवावयाची आहे, आणि तिच्यासाठी महाडच्या चवदार तळ्याइतके बोलके उदाहरण साऱ्या महाराष्ट्रात दुसरे नाही.

प्रथम स्थळाचा विचार करू. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून खाली येते आणि महाडजवळ तिला गांधारी मिळते. पुढे हेच पाणी बाणकोटच्या खाडीने समुद्राला जाते. खाडीच्या भरतीवर गलबते वर येत आणि घाटावरचा माल खाली उतरे, म्हणून महाड ही फार जुनी पेठ. गावालगतची गांधारपाल्याची बौद्ध लेणी या रहदारीच्या प्राचीनपणाची साक्ष देतात. जेथे पेठ आणि कचेरी, तेथे बाहेरगावचा माणूस येणारच. बाजारहाटासाठी, सारा भरण्यासाठी, वतनदारीचे काम घेऊन मामलेदाराच्या कचेरीत, अशी आसपासच्या खेड्यांतली माणसे महाडला येत. आलेल्या माणसाला दुपारी पाणी लागते. उपऱ्या माणसाला सहज मिळेल असे पाणी गावात एकच, ते चवदार तळ्याचे.

या तळ्याचे वर्णन मुंबई उच्च न्यायालयाच्या १९३७ सालच्या निकालात आले आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने ते अत्यंत मोलाचे आहे. तळे चार-पाच एकरांचे. वय निदान अडीचशे वर्षे. ते कोणी बांधले याचा पुरावा नाही. किंबहुना ते पूर्णपणे मानवनिर्मित आहे असेही न्यायमूर्तींना निश्चयाने म्हणता आले नाही. मूळचा नैसर्गिक खळगा असावा व त्याला माणसाच्या हाताने आकार दिला असावा, असा त्यांचा तर्क. पाणी काही पावसाचे, काही जिवंत झऱ्यांचे. तळ्याच्या सर्व बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची आणि थोड्या मुसलमानांची घरे. या घरमालकांपैकी काहींच्या मालकीचे तळ्याच्या कडेचे जमिनीचे पट्टे, पाण्यात उतरणारे घाट आणि काठावरची बांधकामे. अस्पृश्यांची वस्ती आसपास कोठेही नाही.

हे वर्णन जरा बारकाईने पाहावे. मध्ये पाणी, ते सरकारदप्तरी नगरपालिकेकडे सोपविलेले. बाहेर रस्ता, तोही नगरपालिकेचा. या दोन सार्वजनिक वस्तूंच्या मधोमध खाजगी जमिनीची एक चिंचोळी पट्टी. पाणी सर्वांचे, रस्ता सर्वांचा, आणि रस्त्यावरून पाण्यापर्यंत नेणाऱ्या पायऱ्या मात्र काही जणांच्या!

ही स्थिती कशी उत्पन्न होते? कोकणातल्या खळग्याचा काठ मूळचा स्थिर नसतो. श्रावणात पाणी चढते, वैशाखात ते मध्यभागी जाऊन बसते. पाण्याची कड आज येथे, उद्या दहा पावले पलीकडे. अशा हलत्या काठाला मालक असणे कठीण. जनावर कोठूनही उतरते, माणूस कोठूनही ओंजळ भरतो. पण बांध घातला, दगडी पायऱ्या बांधल्या, की कड जागच्या जागी थांबते. चिखल जातो, पाणी स्वच्छ राहते, बायकांचे पाय घसरत नाहीत. बांधणाऱ्याचा हेतू बहुधा परोपकाराचाच असतो. मात्र त्याच दिवशी तळ्याला दारे बसतात. पूर्वी चहूबाजूंनी मोकळे असलेले पाणी आता घाटांपुरतेच मोकळे राहते. घाटाला धनी असतो, आणि धनी म्हणेल त्यालाच त्या घाटाने उतरता येते. बांधकाम तळ्याचे रक्षण करते हे खरे, पण त्याबरोबर ते तळ्यावरचा अधिकारही मुकाट्याने वाटून देते.

आता कायद्याकडे वळू. मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांना खुले केले. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस हे या सुधारणेच्या बाजूचे होते, हे येथे सांगितले पाहिजे. पण तीन वर्षे तो ठराव दप्तरात पडून राहिला. ठरावाने पाणी मोकळे झाले होते. काठ मोकळा झाला नव्हता. महाडला येणाऱ्या अस्पृश्याला अजूनही गावापासून दूर असलेल्या आपल्या वस्तीतल्या विहिरीकडेच जावे लागे.

म्हणून १९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तेव्हा हजारो प्रतिनिधींना प्यावयाला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चार-पाच एकरांचे तळे गावात आणि पाणी विकत! या एका आकड्यात त्या काळच्या समाजस्थितीचे सारे वर्णन आले. २० मार्चला परिषदेची माणसे रांगेने तळ्यावर गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाण्यात उतरले, त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, आणि मागोमाग इतरांनी घेतले. या घटनेकडे आपण पाणी पिण्याची घटना म्हणून पाहतो. ती काठ ओलांडण्याचीही घटना होती. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पायऱ्यांशी पाऊल थबकत होते, त्या पायऱ्या त्या दिवशी उतरल्या गेल्या.

त्याचा प्रतिसादही काठावरूनच आला. परिषदेचे लोक विरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी हूल उठली आणि गावात त्यांच्यावर हल्ले झाले. मागाहून एकशेआठ घागरी पाणी काढून, पंचगव्य घालून तळे 'शुद्ध' करण्यात आले. पुढे ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करावयाचे ठरले. मंडपासाठी गावात जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. जमीन कोणाची आणि ती कोणाला उपलब्ध, हा प्रश्न येथेही आडवा आला आणि एका माणसाच्या औदार्याने सुटला. त्यातच १२ डिसेंबरला सवर्णांपैकी काहींनी दावा लावला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा सत्याग्रह मात्र न्यायालयाचा मान राखून तहकूब झाला. मिरवणूक निघाली, तळ्यापर्यंत गेली, आणि पाण्याला हात न लावता परतली. हजारो तहानलेल्या माणसांनी काठापर्यंत जाऊन मागे फिरावे, यातला संयम त्या ओंजळीइतकाच मोठा होता असे आम्हाला वाटते.

दाव्यात वादींचे म्हणणे असे की, हे तळे चौधरी तळे असून ते आमच्या मालकीचे आहे आणि त्याचा उपयोग करण्याचा हक्क केवळ सवर्णांना आहे. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला, पण दावा चालूच राहिला. महाडच्या न्यायालयाने ८ जून १९३१ रोजी निकाल दिला. अपील ठाण्याला गेले, तेथे ३० जानेवारी १९३३ रोजी निकाल झाला. शेवटी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी १७ मार्च १९३७ रोजी वादींचे अपील फेटाळले. सत्याग्रहाच्या दिवसापासून मोजल्यास दहा वर्षांना तीन दिवस कमी!

या निकालांतला कायदेशीर मुद्दा सामान्य माणसाने अवश्य समजून घ्यावा. अस्पृश्य दीर्घकाळ तळ्यावर येत नव्हते, एवढे पुराव्यात दिसत होते. पण एका वर्गाने सार्वजनिक तळे वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, म्हणून पहिल्याला मालकी मिळत नाही, हे महाडच्या न्यायालयानेच सांगितले. आणि अशी वहिवाट अनादी काळापासून चालत आली असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, म्हणून उच्च न्यायालयात त्यांचा टिकाव लागला नाही. कोणी येत नव्हते ही वस्तुस्थिती, कोणाला येऊ न देण्याचा हक्क ही निराळीच गोष्ट. घाट माझा, म्हणून तळे माझे, हा गावोगावच्या मनात रुजलेला समज महाडपुरता तरी येथे निकालात निघाला.

महाडचे पाणी अखेर कोठे पोचले ते पाहा. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात भेदभावाला जेथे बंदी केली आहे, तेथे विहिरी आणि तळी यांबरोबर स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांचाही उल्लेख आहे. बोले यांच्या ठरावात 'पाणवठा' या शब्दात जे गृहीत धरले होते, ते येथे सुटे करून सांगितले आहे. नुसते तळे खुले करून भागत नाही, घाट आणि रस्ताही खुला असावा लागतो. हे शब्द महाडवरूनच सुचले असे विधान आम्ही करीत नाही. पण मसुदा समितीचे अध्यक्ष हे चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरलेले गृहस्थ होते, हे ते वाचताना विसरता येत नाही.

आता सावित्रीच्या काठाने पोलादपूर गाठून आंबेनळी घाटाने वर जाऊ. क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात, त्यांत सावित्री आहे तशीच वेण्णाही आहे. सावित्री पश्चिमेला महाडकडे उतरली, वेण्णा पूर्वेला वळली. वेण्णेचे पाणी अडवून साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ साली तलाव बांधविला. येथे बांधणाऱ्याचे नाव पक्के, हेतू पाण्याचा. आजही महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या पिण्याच्या पाण्याचा तो आधार आहे. पण पाहुण्याला वेण्णा माहीत असते ती नौकाविहारासाठी. काठावर घोडे, मक्याची कणसे, खाण्याच्या टपऱ्या, मोटारींची गर्दी. थंड हवेच्या ठिकाणी पाण्याशेजारची जमीन ही सर्वांत महाग जमीन, आणि म्हणून काठ पुढे सरकविण्याचा मोहही तेथेच सर्वांत मोठा. भराव टाकला की जमीन वाढते, कुंपण घातले की ती आपली होते. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली आणि रायगड जिल्ह्यातले माथेरान २००३ साली केंद्र सरकारने पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर केले, त्यामागे हीच चिंता होती. २००१ सालीच हिंचलाल तिवारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तळ्याची जमीन घरांसाठी वाटता येणार नाही, ती समाजाची ठेव आहे, असे बजावले.

महाडचा बहिष्कार आणि पर्यटनस्थळाचे कुंपण या दोन गोष्टी एका तागडीत तोलण्याचा आमचा हेतू नाही. पहिल्यात माणसाचे माणूसपण नाकारले होते, दुसऱ्यात बहुधा पैशाचा लोभ असतो. पण रीत सारखी आहे. दोन्हीकडे पाण्यावर कोणी उघड हक्क सांगत नाही. काठावर बांधकाम होते, ते जुने होते, आणि जुनेपणा हाच हक्काचा दाखला म्हणून पुढे केला जातो.

काठ आपण स्थिर मानतो, पाणी तो मानीत नाही, हेही महाडने भोगले आहे. २०२१ सालच्या जुलैत सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत आणि घराघरांत शिरले. नदीने आपली जुनी कड कोठवर होती ते त्या रात्री दाखवून दिले. पाण्याला फैलावण्यासाठी जागा लागते. ती जागा ही कोणाची रिकामी जमीन नव्हे, ती पाण्याचीच आहे.

आज चवदार तळ्याला पक्का बांध आहे, पायऱ्या आहेत, बाबासाहेबांचा पुतळा आहे. दर २० मार्चला गावोगावची माणसे येथे येतात आणि जो घाट समोर दिसेल त्याने उतरतात. हा घाट कोणाचा, असे त्यांना कोणी विचारीत नाही. आपल्या गावी परतल्यावर प्रत्येकाने आपल्या तळ्याभोवती एकदा फेरी मारावी आणि पाण्यापर्यंत किती ठिकाणी विनापरवानगी उतरता येते ते मोजावे. गेल्या पिढीच्या आठवणीपेक्षा ती संख्या कमी भरली, तर नगरपालिकेत जाऊन नकाशा मागावा. तो मागण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि महाडच्या लोकांनी त्याची किंमत आधीच भरून ठेवली आहे.