भुसावळचा धूर कुठे गेला?

मुंबईहून निघालेली मेल इगतपुरीला थांबली की इंजिन बदलायचे. १९३० पासून विजेची तार इथपर्यंतच होती. कसारा घाट विजेवर चढून आलेल्या गाडीला इथे कोळशाचे इंजिन जोडले जाई आणि खानदेशाकडचा प्रवास सुरू होई. जाणते प्रवासी या थांब्यावरच खिडक्या ओढून घेत. नाशिक, मनमाड, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला उतरेपर्यंत पांढऱ्या सदऱ्याची कॉलर काळी झालेली असे, आणि डब्यातल्या एखाद्या तरी पोराच्या डोळ्यात कोळशाची कणी गेलेली असे.

ही कणी खानदेशाच्या डोळ्यात जवळपास शंभर वर्षे सलत होती.

जीआयपी रेल्वेचे रूळ १८६०च्या दशकात तापीच्या खोऱ्यात पोहोचले. भुसावळ तेव्हा लहानसे गाव होते. पण मुंबईकडून येणाऱ्या रुळांना इथेच फाटा फुटला: एक रस्ता खंडव्याकडे, दुसरा अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरकडे. जिथे फाटा तिथे शेड, जिथे शेड तिथे कोळसा, पाणी आणि माणसे. पंधरा बंगला, लिंपस क्लब ही नावे आजही भुसावळकरांच्या तोंडी आहेत ती त्याच वस्तीमुळे. साहेब बंगल्यात, ड्रायव्हर क्वार्टरमध्ये आणि फायरमन सदा फावड्यापाशी, अशी ती उतरंड होती.

वाफेच्या इंजिनाबद्दल हळवे होणारे पुष्कळ आहेत. शिटीचा आवाज, चाकांचा ठेका, पहाटेच्या धुक्यात मिसळणारी वाफ, सगळे खरेच. पण फायरमनच्या अंगाने पाहिले तर चित्र बदलते. मे महिन्यात खानदेशात उन्हाने रूळ हात लावू देत नाहीत. त्या उन्हात हा माणूस भट्टीच्या दारासमोर उभा राहून फावड्यामागून फावडे कोळसा आत फेकत असे. आणि एवढे करून हाती काय? वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेपैकी शेकडा सहा ते आठ भागच गाडी ओढायला वापरते. उरलेली सगळी उष्णता धुराड्यातून, राखेतून आणि तापलेल्या लोखंडातून निघून जाते. शंभर टोपल्या फेकायच्या आणि सात-आठांचे काम मिळवायचे, असा तो व्यवहार होता.

मग तार इगतपुरीलाच का अडली होती? मुंबईत व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. पुढे कसारा घाटापर्यंत वीज नेली, कारण सदतीस फुटांत एक फूट चढणाऱ्या त्या घाटात वाफेच्या इंजिनांची दमछाक होई. खानदेशचा मार्ग त्या मानाने सपाट. तिथे कोळशावर भागत होते. शिवाय तेव्हाची वीज होती दीड हजार व्होल्टची डीसी. तिला थोड्या थोड्या अंतरावर सबस्टेशन लागे आणि जाड, महाग तारा लागत. ठाकुर्लीला तर रेल्वेने स्वतःचे वीजघरच उभारले होते. एवढा खर्च चाळीसगाव-पाचोऱ्यापर्यंत कोण करणार?

१९५७ साली रेल्वेने २५ हजार व्होल्टची एसी पद्धत स्वीकारली आणि हिशेब बदलला. फ्रान्समध्ये सिद्ध झालेल्या या पद्धतीत तार बारीक चालते, सबस्टेशने दूरदूर चालतात आणि वीज थेट राज्याच्या जाळ्यातून घेता येते. १९६७ ते १९६९ या काळात इगतपुरीपासून भुसावळपर्यंत तार आली. त्यापुढे मात्र बराच काळ तीच गत. जे इगतपुरीचे होते ते आता भुसावळचे झाले. नागपूर आणि इटारसीकडची तार १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकू लागली, तोवर विजेची गाडी इथे येऊन इंजिन सोडत असे. १९७४ साली भुसावळात विजेच्या इंजिनांच्या दुरुस्तीचा कारखाना सुरू झाला. ज्या गावाच्या हाताला कोळशाची काळिमा होती, तिथली पोरे मोटरची वायंडिंग भरायला शिकली.

आता गोष्टीतली मेख. ज्या सुमारास तार भुसावळला पोहोचत होती, त्याच सुमारास, १९६८ मध्ये, गावाबाहेर दीपनगरला औष्णिक वीज केंद्राचा ६२.५ मेगावॉटचा पहिला संच सुरू झाला. १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॉटचे दोन संच जोडले गेले, नंतर ५०० मेगावॉटचे दोन. म्हणजे स्टेशनातला धूर उठला आणि दीपनगरच्या उंच चिमणीवर जाऊन बसला. तापीकाठच्या केळीला पाणी देणारी मोटर आणि केळीच्या वॅगनी सावदा-रावेरहून दिल्लीकडे ओढणारे इंजिन, दोघांनाही शेवटी राज्याच्या एकाच जाळ्यातली, बहुतांश कोळशाची वीज.

पण धूर नुसता हलला असे म्हणणे अन्यायाचे होईल, तो घटलाही. वीज केंद्र कोळशातल्या उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्सा विजेत उतरवते. तारेत आणि मोटरमध्ये थोडे गळून चौथा हिस्सा तरी चाकांपर्यंत पोहोचतो. वाफेच्या इंजिनाशी तुलना केली तर तेवढाच माल ओढायला कोळसा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लागतो. हवामानबदल हा शब्दही कुणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा झालेली ही बचत आहे.

हाच हिशेब सगळीकडे लागू होतो असे समजणे मात्र चुकीचे ठरेल, आणि त्याला महाराष्ट्रातलेच ताजे उदाहरण आहे. गडचिरोलीत कोनसरीला लोहखनिजाच्या भुकटीपासून गोळ्या बनवणारा मोठा कारखाना उभा आहे. त्याच जिल्ह्यातल्या हेडरीहून खनिजाचा गाळ ट्रकऐवजी नळातून येतो, पंपांच्या जोरावर. वाहतूक अशी विजेवर नेता येते. गोळ्या भाजायला मात्र तेराशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि ती जगभर मुख्यतः गॅस, तेल नाहीतर कोळसा जाळूनच मिळवली जाते. स्वीडनची एलकेएबी ही खाण कंपनी त्यासाठी विजेच्या प्लाझ्माचे आणि हायड्रोजनचे प्रयोग करते आहे. तिथली वीज मुख्यतः धरणांची, पवनचक्क्यांची आणि अणुभट्ट्यांची. इंजिन उष्णता वाया घालवत होते म्हणून कोळशाची वीजसुद्धा त्याला फायद्याची पडली. भट्टीला उष्णताच हवी असते. कोळसा जाळून वीज करायची, त्यात दोन तृतीयांश गमवायचे आणि उरलेल्या विजेची पुन्हा उष्णता करायची, तर धूर वाढेल. अशा भट्टीला तार जोडण्याआधी तारेच्या दुसऱ्या टोकाला काय आहे ते पाहावे लागते.

ते टोक बदलण्याची सुरुवातही खानदेशातच दिसते, ती पश्चिमेला. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीने १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये सुरू केला. माळरान, कमी पाऊस आणि रखरखीत ऊन ही साक्रीची जुनी रडगाणी. सौर पट्ट्यांना नेमके तेच मानवले.

दीपनगर त्यामुळे थांबलेले नाही. तिथे ६६० मेगावॉटचा नवा संचही उभा राहिला आहे. आधीच्या संचांपेक्षा एका युनिटमागे कमी कोळसा खाणारा, पण कोळसाच खाणारा.

धुळ्याच्या वाट्याला तार फार उशिरा आली. चाळीसगाव फाट्यावर विजेची मेमू गाडी धावली ती डिसेंबर २०२१ मध्ये, कुर्ल्याच्या पहिल्या गाडीनंतर जवळजवळ सत्त्याण्णव वर्षांनी. पाचोरा-जामनेरच्या नॅरोगेज ‘पीजे’च्या नशिबी तेही नव्हते, ती २०२० मध्ये बंद पडली. भुसावळला मात्र रोज विदर्भाकडून मलकापूर, बोदवड ओलांडत दीपनगरचा कोळसा येतो. वाघिणी काळ्याकुट्ट, शिगोशीग भरलेल्या. ओढणारे इंजिन विजेचे.