गाणे हाच दस्तऐवज

ज्यांच्याजवळ कागद नाही त्यांना इतिहास नाही, असे मानणाऱ्यांनीच आजवर बहुतेक इतिहास लिहिले. या समजुतीने ऑस्ट्रेलियात एक अख्खे खंड गिळले. १७८८ साली इंग्रजांनी तेथे वसाहत उभारली ती ही भूमी कोणाच्याच मालकीची नाही, असे गृहीत धरून.

त्या ‘बेवारस’ भूमीवर मूलनिवासींच्या गाण्यांच्या वाटा होत्या. इंग्रज लेखकांनी त्यांना साँगलाइन्स म्हटले. सृष्टीच्या आरंभी पूर्वज या वाटांनी चालले आणि त्यांच्या चालण्यातून डोंगर, खडक, पाणवठे घडले, अशी मूलनिवासींची धारणा. कडव्यांचा क्रम हाच वाटेवरच्या ठिकाणांचा क्रम. म्हणून गाणे येणाऱ्याला वाळवंटातही पाणी सापडते. एकच वाट अनेक भाषांच्या मुलखांतून जाते. ज्याचा मुलूख, त्याने तो भाग गायचा आणि राखायचा. कोणी काय गावे, काय चितारावे याचेही कडक नियम आहेत. याला नुसते लोकगीत म्हणणे मला मान्य नाही. हा कायदा आहे.

१९६३ साली यिर्काला येथील योल्ंगू लोकांनी बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेकडे अर्ज केले. अर्जाचे कागद झाडाच्या सालीवर चिकटवून भोवती आपल्या कुळांची चित्रे रंगवली. पुढे ते न्यायालयात गेले. १९७१ साली न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी त्यांची स्वतःची कायदेव्यवस्था आहे हे मान्य केले. पण भूमीशी असलेले त्यांचे नाते ‘मालमत्ता’ ठरत नाही म्हणून दावा फेटाळला. कायदा आहे, पण हक्क नाही! बेवारस भूमीची ही कल्पना तेथील सर्वोच्च न्यायपीठाने मोडीत काढली ती १९९२ साली, माबो खटल्यात.

१९९७ साली ग्रेट सँडी वाळवंटातील चाळीसहून अधिक चित्रकारांनी आठ बाय दहा मीटरच्या कॅनव्हासवर आपला मुलूख रंगवला. सुनावणीत ते आपापल्या भागावर उभे राहून आपल्या भाषेत बोलले. २००७ साली त्यांचा हक्क मान्य झाला.

परंतु ज्यांना मुलखातून हाकलले, ज्यांची भाषा बंद पाडली, त्यांनी कोणते गाणे पुरावा म्हणून आणावे? योर्टा योर्टा लोकांचा दावा २००२ साली अखेर फेटाळला गेला, कारण त्यांची परंपरा मध्येच खंडित झाली होती. ती खंडित कोणी केली? लुटणाऱ्याने लुटीचाच पुरावा आपल्या बाजूने वापरावा, याला मी न्याय म्हणणार नाही. दिवाणखान्यातल्या त्या ठिपक्या-वर्तुळांच्या चित्रांना वाहवा देणाऱ्यांनी आधी विचारावे : हा पाणवठा कोणाचा, आणि आज तो कोणाच्या ताब्यात आहे?