मुंबईच्या टांकसाळीचा डॉलर: दुर्मीळ, सदोष आणि बनावट नाण्यांतील भेद

सेंगकांगमधील एखाद्या मराठी घरात आजोबांचा चांदीचा रुपया आणि सिंगापुरात विकत घेतलेला जुना डॉलर एकाच डबीत असेल, तर दोहोंचे जन्मस्थान मुंबईची टांकसाळ असणे सहज शक्य आहे. पूर्वेकडील व्यापारासाठी १८९५ ते १९३५ या काळात पाडलेले ब्रिटिश ट्रेड डॉलर मुख्यतः तेथेच तयार झाले. स्ट्रेट्स सेटलमेंट्सचा १९०३ चा स्वतंत्र डॉलरही मुंबईतच पाडला गेला. या नाण्यांना संग्राहकांची मागणी आहे, त्यामुळे त्यांच्या नकलाही विपुल आहेत.

खरा प्रकारभेद

प्रकारभेद साच्यात असतो. म्हणून त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर तो जसाच्या तसा उमटतो. ट्रेड डॉलरवर ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या शूलात खोलगट, बारीक ‘बी’ असेल तर नाणे मुंबईचे. पाऊल व ढाल यांमध्ये ‘सी’ असेल तर कलकत्त्याचे. १९२५ आणि १९३० ची लंडनमधील नाणी खुणेविना आहेत. मुंबईच्या १९२१ च्या डॉलरची संख्या अवघी ५०,२११ होती, म्हणून तो दुर्मीळ.

रुपयांत १९११ चे उदाहरण प्रसिद्ध आहे. पंचम जॉर्जच्या वस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, या आक्षेपामुळे ते नाणे मागे घेण्यात आले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला गेला. त्यामुळे १९११ च्या रुपयावर स्पष्ट सोंडेचा हत्ती दिसल्यास वर्ष खोडून बदलल्याचा संशय घ्यावा.

टांकसाळीतील दोष

दोष बहुधा एकट्यादुकट्या नाण्यापुरता असतो: चकतीची कड तुटलेली, छाप मध्यापासून सरकलेली. साच्यात वंगण साचल्यास अक्षर पुसट उमटते. केवळ ‘बी’ दिसत नाही म्हणून नवा प्रकार सिद्ध होत नाही. साच्याला तडा गेल्यास नाण्यावर उंचावलेली रेघ येते. खोलगट ओरखडा मात्र बहुतेक वेळा नंतरच्या वापरातला असतो. दुहेरी अक्षरांतही फरक आहे. साचाच दुहेरी कोरला गेला असेल तर दोन्ही प्रतिमा पूर्ण, गोलसर उठावाच्या असतात. यंत्राच्या हादऱ्याने झालेले दुहेरीपण चपटे, पायरीसारखे दिसते आणि त्याला विशेष मूल्य नसते.

बनावट ओळखताना

ट्रेड डॉलरचे प्रमाणित वजन सुमारे २६.९६ ग्रॅम, व्यास ३९ मिलिमीटर आणि चांदी ९० टक्के. घरच्या घरी घनतेची चाचणी करता येते. पाण्याचा पेला डिजिटल वजनकाट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याने बांधलेले नाणे तळाला न टेकवता बुडवावे. अस्सल नाण्याने काटा सुमारे २.६ ग्रॅम दाखवतो. तांबे-निकेलच्या त्याच वजनाच्या नकलेने सुमारे ३ ग्रॅम. ओतीव नकलेच्या कडेवर जोडाची रेघ व पृष्ठभागावर बारीक फोड आढळतात.

चांदीचीच नक्कल या चाचणीत उत्तीर्ण होते. तिथे खात्रीच्या नाण्याशी अक्षरांची ठेवण, कडेवरील खाचा आणि वर्षाचे आकडे भिंगाखाली ताडून पाहावेत. चांदीचा १९३९ चा रुपया दुर्मीळ असल्याने १९३८ च्या नाण्याचा शेवटचा आकडा बदलून तो ‘घडवला’ जातो. अशा आकड्याभोवतीचा पृष्ठभाग घासलेला दिसतो. मौल्यवान नाण्याचा निर्णय मान्यताप्राप्त तज्ज्ञाकडेच सोपवावा. घासून चकाकवलेले अस्सल नाणेही मूल्य गमावते.

कायद्याची बाजू

भारतातील १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. सुटीहून परतताना १९११ चा रुपया सामानात टाकणे हा गुन्हा ठरू शकतो. जुन्या नाण्यांच्या खरेदीच्या नावाखाली आगाऊ शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहण्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये दिला होता. घरातील नाण्याचे मोल ठरवण्यापूर्वी वजन, साचा आणि कायदा, तिन्ही तपासणे हिताचे.