दिंडीच्या वह्या

आपली दिंडी पहिल्यांदा निघाली तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात. त्याचा वेगळा जिल्हा झाला १९८२ साली. आमच्या आजोबांची शाळा उर्दूतून झाली, पण अभंगाची वही मात्र बालबोधीत. छापील गाथा गावात एखाद्याकडे असली तर असायची. बाकीच्यांनी ऐकून पाठ करायचे आणि पाठ झाले की वहीत लिहायचे. लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचेपर्यंत मुक्कामाच्या गावी कोणी ना कोणी वही मागायचा आणि कंदिलाच्या उजेडात रात्रभर बसून उतरवून घ्यायचा.

उतरवून घेण्याची ही रीत जुनीच. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ यांनी लिहून ठेवले, असे आपण मानतो. पुढे १८६९ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून गाथेचा पहिला भाग निघाला, तेव्हा विष्णुशास्त्री पंडितांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर इथल्या वह्यांचे पाठ ताडून पाहिले. एका वहीवर भागले नसते.

आता पोरं विचारतात, गाथा छापली गेली, विकिस्रोतावर मोबाईलात फुकट वाचता येते, मग या फाटक्या वह्या कशाला? विचारणं काही चूक नाही. पण गाथेत शब्द आहेत, चाल नाही. काकडा, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, वारांचे अभंग हा क्रम भजनी मालिकेत मिळेल, तरी आपल्या दिंडीत तो जिथे जिथे वेगळा आहे ते कुठेच छापलेले नाही. ते वहीच्या समासात आहे. ‘ध्रुपद दोनदा’, ‘इथे मृदंग थांबेल’, ‘चाल मागील पानाची’. एका वहीत चालीपुढे सिनेमाच्या गाण्याचे नाव होते, ते नंतर कोणीतरी लाजून खोडले आहे!

वही गेली म्हणजे काय जाते, हे आपल्या भागाला चांगलेच ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन झाले होते. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. दगडामातीच्या जाड भिंती, वर माळवद; सगळे खाली आले. हजारो माणसे गेली. कोनाड्यातल्या वह्यांचे दुःख त्या वेळी कोण करणार? त्या भागातल्या एका भजनी मंडळाची वही मात्र वाचली, कारण ती गावात नव्हतीच. नांदेडकडच्या आमच्या एका विणेकऱ्याने दोन वर्षांपूर्वी उतरवायला म्हणून नेली होती आणि आळसाने परत केली नव्हती. त्यावरून त्यांना बोलणीही बसली होती. नंतर ते वही परत द्यायला गेले, तर घेणारा राहिला नव्हता.

गेल्या चार वर्षांत दिंडीच्या व्हॉट्सॲप गटावर आपण वह्यांचे फोटो मागवले. आधी चूक आमचीच झाली. आम्ही म्हणालो, अभंग टाइप करून पाठवा. लोकांनी पाठवले, पण बरेचसे दुसरीकडून आलेलेच पुढे ढकललेले, आणि समास तर कोणीच टाइप केला नाही. आता अख्ख्या पानाचा फोटो मागतो, दिवसाच्या उजेडात, खाडाखोडीसकट, कोऱ्या मागच्या बाजूसकट. सोबत गाव आणि अक्षर कोणाचे ते. फोन बदलला की गटावरचे फोटो हरवतात, म्हणून प्रत्येक वहीची पीडीएफ करून तीन घरी पेनड्राइव्हवर ठेवली आहे. चाल येत असेल त्याने तिथेच आवाज भरून पाठवायचा. सुरात नसला तरी चालेल.

भूकंपातून राहिलेल्या त्या वहीत एका पानावर दोन अभंगांपुढे ‘औशाची चाल’ एवढेच लिहिले आहे. पहिल्या अभंगाची चाल एका आजींनी नातवाच्या फोनवरून म्हणून पाठवली. मागे कोंबड्या ओरडताना ऐकू येतात. दुसऱ्याची अजून मिळालेली नाही. औसा, निलंगा भागात कोणाच्या कानावर असेल तर दिंडीच्या मुक्कामी येऊन म्हणून दाखवावी.