सस्पेन्शनची लवचीकता

सस्पेन्शनची लवचीकता म्हणजे उंचसखल जमिनीवर वाहनाचे एक चाक वर उचलले जात असताना उरलेली चाके खाली उतरून जमिनीला टेकलेली ठेवण्याची आधारयंत्रणेची क्षमता होय. वाहनचालकांत ती 'फ्लेक्स' किंवा 'आर्टिक्युलेशन' या नावांनी ओळखली जाते. वाहनाची उंची वाढवणे आणि लवचीकता वाढवणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. उंची वाढवण्याच्या काही स्वस्त पद्धतींमुळे लवचीकता उलट कमी होते.

महत्त्व

साध्या डिफरन्शियलमध्ये आसाच्या दोन्ही चाकांना सारखाच पीळ मिळतो. एक चाक अधांतरी झाले की त्याला फिरण्यास जवळजवळ विरोध उरत नाही. त्यामुळे जमिनीवरील चाकालाही तेवढेच अल्प बळ मिळते. हवेतील चाक गरगरत राहते व गाडी जागीच थांबते. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकावरील मंडणगडसारख्या डोंगराळ तालुक्यात पावसाने धुपलेल्या कच्च्या वाटांवर जांभ्याचे दगड उघडे पडतात व खोल चाकोऱ्या तयार होतात. अशा वाटेवर चारही चाके टेकलेली राहणे हे इंजिनाच्या शक्तीइतकेच महत्त्वाचे ठरते.

मापन

लवचीकता मोजण्यासाठी 'रॅम्प ट्रॅव्हल इंडेक्स' हा निर्देशांक वापरतात. वाहनाचे पुढचे एक चाक २० अंशांच्या उतारावर चढवले जाते. दुसरे कोणतेही चाक जमीन सोडण्याच्या बेतात येईपर्यंत उतारावर कापलेल्या अंतराला चाकांच्या आसांमधील अंतराने भागून १००० ने गुणतात. उदाहरणार्थ, आसांमध्ये ८० इंच अंतर असलेली जीप उतारावर ४० इंच चढली, तर तिचा निर्देशांक ५०० येतो.

महाराष्ट्रातील वाहने

महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या परंपरेतील सीजे-३बी या जीपला पुढे व मागे अखंड आस आणि पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. अखंड आसात एक चाक वर गेले की दुसरे आपोआप खाली दाबले जाते. खडकाळ वाटेवर हा मोठा लाभ असतो. २०१० मध्ये आलेल्या थारच्या सीआरडीई प्रकारात पुढे टॉर्शन बार असलेले स्वतंत्र सस्पेन्शन व मागे पाटे होते. २०२० च्या थारमध्ये मागील अखंड आस कायम राहिला, मात्र पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंगा आल्या.

पाट्यांचे कार्य

पाट्याचा ताठरपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो व लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. जाडी दुप्पट केल्यास पाटा आठपट ताठ होतो. म्हणून थोडे, पातळ व लांब पाटे लवचीक असतात. गाडी उंच करण्यासाठी जादा पाटा घातल्यास उंची मिळते, परंतु स्प्रिंग ताठ होऊन चाकाची हालचाल घटते. पाट्यांमधील घर्षणही हालचालीस विरोध करते. गंज व चिखल साचल्यास ते बरेच वाढते.

कमी खर्चाचे उपाय

अडथळा नेमका कोठे आहे हे आधी शोधल्यास अनावश्यक खर्च टळतो. सपाट जागी चौकटीखाली भक्कम स्टँड लावून आस लोंबता ठेवावा. आसाला जॅकचा आधार देऊन शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक सोडवावे व जॅक हळूहळू उतरवावा. आस आणखी खाली गेला, तर आखूड शॉक ॲब्सॉर्बर हाच अडथळा आहे असे समजावे. उंच केलेल्या गाड्यांमध्ये हा दोष नेहमी आढळतो.

* पाट्यांची सफाई: पाटे सुटे करून गंज घासावा, तडे तपासावेत व ग्रॅफाइट ग्रीस लावावे. घर्षण कमी झाल्यावर झोके वाढतात. म्हणून शॉक ॲब्सॉर्बर सुस्थितीत असावेत.
* शॅकल व बूश: अडकलेले बोल्ट मोकळे करावेत व झिजलेले बूश बदलावेत. रबरी बूशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहते.
* जादा पाटे काढणे: मालवाहतुकीसाठी घातलेला जादा पाटा भार वाहायचा नसल्यास काढता येतो. मूळ संचातील पाटे, विशेषतः मुख्य पाटा, काढू नयेत.
* अँटी-रोल बार: असल्यास कच्च्या वाटेपुरता सोडवावा व डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी पुन्हा जोडावा.
* योग्य लांबीचे शॉक ॲब्सॉर्बर: चाक पूर्ण वर आल्यावर ते आतून आपटू नयेत, याची खात्री करावी. त्यासाठी बंप स्टॉपची उंची जुळवावी लागते.

मर्यादा व धोके

आस अधिक खाली उतरू लागला की ब्रेकची रबरी नळी ताणली जाते. ती तुटल्यास ब्रेक निकामी होतो. म्हणून आस पूर्ण लोंबता ठेवून नळीत ढील आहे का, हे पाहणे आवश्यक असते. प्रोपेलर शाफ्टचा सरकता जोड निसटण्याचाही संभव असतो. लांब शॅकल हा स्वस्त उपाय सर्वत्र दिसतो. मात्र शॅकल २ इंचांनी लांबवल्यास गाडी सुमारे १ इंचच उचलली जाते. पुढच्या आसावर त्यामुळे कॅस्टर कोन बदलतो व वेगात स्टिअरिंग अस्थिर होऊ शकते. उंचीबरोबर गुरुत्वमध्य वर जात असल्याने वळणावर व आडव्या उतारावर गाडी उलटण्याची शक्यता वाढते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकास करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार अनधिकृत बदलासाठी ६ महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पाट्यांची सफाई, ग्रीस लावणे व झिजलेल्या भागांच्या जागी मूळ प्रतीचे भाग बसवणे ही नेहमीची देखभाल होय.