जानकी अम्माल, एडवलेत कक्कट

जानकी अम्माल, एडवलेत कक्कट : (४ नोव्हेंबर १८९७ – ७ फेब्रुवारी १९८४). भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ. गुणसूत्रांच्या अभ्यासातून वनस्पतींचे कूळ आणि त्यांचा प्रसार शोधणाऱ्या संशोधकांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. जन्म केरळमधील तेल्लिचेरी (आताचे थलश्शेरी) येथे, तिय्या समाजातील मोठ्या कुटुंबात. वडील ई. के. कृष्णन मद्रास इलाख्यात न्यायाधीश होते. बागेचा आणि पक्ष्यांचा त्यांना नाद होता. बहिणींची लग्ने होत गेली, जानकींनी मात्र शिक्षणाची वाट धरली आणि त्या आजन्म अविवाहित राहिल्या.

मद्रासमध्ये पदवी घेऊन त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे आशियातील स्त्रियांसाठी असलेली बार्बर शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या. १९३१ मध्ये याच विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली.

१९३४ ते १९३९ ही वर्षे कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात गेली. ऊस आणि मका यांसारख्या वेगवेगळ्या प्रजातींतील गवतांचा संकर त्यांनी तेथे घडवून आणला. असा संकर साधला आहे की नाही, हे रोपाच्या नुसत्या रूपावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी मुळाचे कोवळे टोक रंगवून काचपट्टीवर दाबायचे आणि विभाजनाच्या बेतात असलेल्या पेशीतील गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून मोजायची. डोळे आणि चिकाटी या दोहोंची परीक्षा पाहणारे हे काम त्या अखेरपर्यंत करीत राहिल्या.

१९३९ मध्ये आनुवंशिकीच्या परिषदेसाठी त्या एडिंबरोला गेल्या आणि त्याच सुमारास महायुद्ध पेटले. त्यांचा मुक्काम इंग्लंडमध्ये लांबला. लंडनजवळील जॉन इनिस संस्थेत बाँबवर्षावाच्या त्या काळातही त्यांचे संशोधन थांबले नाही. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह तयार केलेला लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या वनस्पतींच्या गुणसूत्रसंख्या एकत्र आणणारे हे पुस्तक त्यांचे सर्वांत टिकाऊ काम म्हणावे लागेल. त्यानंतर विस्ली येथील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या उद्यानात त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर प्रयोग केले. कोवळ्या कोंबावर कॉल्चिसीनचे द्रावण सोडले की गुणसूत्रांची संख्या दुप्पट होऊ शकते. तेथील एका मॅग्नोलियाला आज त्यांचेच नाव आहे.

पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये त्या भारतात परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेची पुनर्रचना त्यांच्याकडे सोपवण्यात आली. अलाहाबादच्या केंद्रीय वनस्पती प्रयोगशाळेच्या त्या संचालक होत्या. हिमालयाच्या थंड व दमट ईशान्य भागातील वनस्पतींत बहुगुणितता (गुणसूत्रांचे दोनहून अधिक संच असणे) कोरड्या वायव्य भागापेक्षा अधिक आढळते, हे त्यांनी दाखवून दिले. १९५५ मध्ये प्रिन्स्टन येथे मानवाने पृथ्वीवर घडवलेल्या बदलांविषयी गाजलेला परिसंवाद झाला. त्यात भारतातील निर्वाह-अर्थव्यवस्थेवर निबंध सादर करणाऱ्या जानकी अम्माल या एकमेव स्त्री होत्या. आदिवासींच्या वनस्पतीज्ञानाची त्यांना मनापासून कदर होती आणि औषधी वनस्पतींवरील त्यांच्या कामातही ती दिसते.

पुढे जम्मूची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा, मग थोडा काळ तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि १९७० पासून मद्रास असा त्यांचा प्रवास झाला. मद्रासला त्या विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र केंद्रात मानद शास्त्रज्ञ होत्या आणि मदुरवॉयल येथील क्षेत्र-प्रयोगशाळेत काम करीत. निवृत्ती त्यांना ठाऊकच नव्हती. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

केरळच्या सायलेंट व्हॅलीतील जलविद्युत प्रकल्पाला विरोध उभा राहिला, तेव्हा वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या जानकी अम्माल त्यात उतरल्या. तेथील झाडाझुडपांच्या गुणसूत्रांची पाहणी त्यांनी हाती घेतली; बुडणाऱ्या जंगलात नेमके काय आहे याची नोंद हा त्यांच्या लेखी विरोधाचाच भाग होता. प्रकल्प रद्द झाला. फेब्रुवारी १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित करण्यात आली.