आजारी मुलांच्या आईची विश्रांति



उर्से हें नांव पुष्कळांस द्रुतगति मार्गावरील टोलनाक्यामुळें ठाऊक आहे. त्या मार्गावरून धांवणाऱ्या मोटारींचा आवाज रात्रंदिवस ज्या घरांत येतो, अशा एका घरांत आठ वर्षांचा मुलगा अंथरुणास खिळून आहे. मेंदूच्या विकारामुळें त्याला मान सांवरतां येत नाहीं, घास नीट गिळतां येत नाहीं. रात्रीं दोनतीनदां त्याची कूस बदलावी लागते. त्याच्या आईनें सहा वर्षांत माहेरचा उंबरा पाहिलेला नव्हता. मुलाचें कसें आहे, हें सारे विचारीत. ती स्वतः झोंपली केव्हां, हें कोणी विचारीत नसे. या दुसऱ्या प्रश्नाचाहि एक इतिहास आहे.

पूर्वीं एकत्र कुटुंबांत ही व्यवस्था आपोआप होत असे, असें म्हणण्याची चाल आहे. तें अर्धेंच खरें आहे. रात्रीचीं जागरणें बहुधा घरांतील विधवा आत्येच्या वाट्यास येत आणि तिच्या विश्रांतीचा विचार कोणाच्या मनांतहि येत नसे. मात्र माहेरपणाची चाल होती, हें विसरतां येत नाहीं. कष्टणाऱ्या बाईस वर्षांतून चार दिवस तरी हातावर हात ठेवून बसतां यावें, हें आपल्या समाजानें ओळखलें होतें.

शिकलेल्या परिचारिकेनें रुग्णाच्या घरीं जावें, ही कल्पना इंग्लंडांत १८५९ सालीं लिव्हरपूल शहरीं रुजली. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी वारली. तिची शुश्रूषा करणाऱ्या मेरी रॉबिन्सन हिला त्यानें गरीब वस्तींतील घरोघरीं जाण्याकरितां तीन महिने नेमलें. तेथील दैन्य पाहून ती महिन्याभरांतच सुटका मागावयास आली. त्यानें समजूत घालून तिला परत पाठविलें. पुढें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या सल्ल्यानें त्यानें परिचारिकांची शाळाच काढली.

आपल्याकडे १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुणें सेवासदन उभारलें. विधवा व परित्यक्ता स्त्रियांना ससून रुग्णालयांत शुश्रूषेचें शिक्षण घेण्याची वाट तेथून मोकळी झाली. परक्याचें अंथरूण आवरणें हें चांगल्या घरच्या स्त्रीचें काम नव्हे, अशी तेव्हां समजूत होती. घरांतील विधवेकडून जें फुकट घेतलें जाई, तेंच तिनें शिकून, मानानें व वेतन घेऊन करावें यास लोकांची हरकत असावी, ही मौज मला अजून उलगडलेली नाहीं!

परंतु आईची विश्रांति हा स्वतंत्र विषय होण्यास फार काळ लागला. १९७८ सालीं ऑक्सफर्ड येथील एका मठाच्या प्रमुख, सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका, यांची हेलन नांवाच्या मुलीशीं ओळख झाली. मेंदूंतील गांठीच्या शस्त्रक्रियेनंतर ती मुलगी पूर्णपणें परावलंबी झाली होती आणि आईबाप तिला घरींच सांभाळीत होते. सिस्टरनीं तिला मधूनमधून थोडे दिवस आपल्याकडे ठेवून घेतलें. त्या साध्या शेजारधर्मांतून १९८२ सालीं ‘हेलन हाउस’ उघडलें. मूल मरणाच्या दारीं असेल तेव्हांच नव्हे, तर आईबाप थकले असतील तेव्हांहि तेथें आणतां येई.

आपल्या देशांत १९८६ सालीं वांद्र्यास शांति आवेदना सदन निघालें; १९९७ सालीं पुण्यास वारजें येथें सिप्लाचें केंद्र आलें. दोन्हीं मुख्यत्वें कर्करोग्यांकरितां. मुलांकरितां महाराष्ट्रांतील काम २०१० सालीं टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहकार्यानें तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील जव्हारला सुरू झालें. शहर सोडून हा आदिवासी तालुका निवडला, हें मला विशेष वाटतें. मूल घेऊन मुंबईस जाणें म्हणजे मजुरासाठीं मजुरी बुडणें आणि घरचीं बाकीचीं मुलें वाऱ्यावर राहणें.

कायदाहि मागाहून आला. १९९९ च्या कायद्यानें राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. २०१५ सालीं त्यानें ‘समर्थ’ ही तात्पुरत्या निवासाची आणि ‘सहयोगी’ ही सेवकांच्या शिक्षणाची योजना काढली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत अधिक आधाराची गरज असणाऱ्यांसाठीं काळजीवाहकाच्या भत्त्याचाहि उल्लेख आहे. कागदावरून आमच्या आळीपर्यंतचा रस्ता मात्र द्रुतगति नाहीं.

म्हणून गेल्या वर्षीं आमच्या आशाताई, एके काळच्या माझ्याच विद्यार्थिनी, आणि माझी पत्नी त्या घरीं जाऊन बसूं लागल्या. मुलाला टेंकून बसवून लहान चमच्यानें कसें भरवावें, भरविल्यावर लगेच आडवें कां करूं नये, झटका आल्यास कोणतें औषध द्यावें व कोणास फोन करावा, हें सारें त्या आईपाशींच शिकल्या. औषधांच्या वेळांचा कागद मीं मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीस लावला. पहिल्या दिवशीं ती बाई विश्रांतीच्या नांवानें उंबऱ्यावरच बसून राहिली. दुसऱ्या महिन्यांत मात्र सकाळच्या गाडीनें माहेरीं जाऊन आली. संध्याकाळीं परतल्यावर चपला काढण्यापूर्वीं तिनें आधीं भिंतीकडे पाहिलें. चारच्या औषधापुढें खूण केलेली होती.